कर्जावरचं नाव आणि घरावरचं नाव

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी अनगोळला राहते, खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिक्षिका आहे. वय 39. 2019 मध्ये आम्ही दोघांनी मिळून घर घेतलं. खरेदीपत्र दोघांच्या नावावर, 28 लाखांचं कर्जही दोघांच्या नावावर. 3 वर्षांपूर्वी मिस्टर नोकरीसाठी पुण्याला गेले आणि हळूहळू आमचं एकत्र राहणं संपलं. भांडण नाही, पण आता संमतीनं वेगळं व्हायचं ठरलंय. घर मी आणि मुलीनं ठेवावं, असं त्यांचंच म्हणणं आहे. दीड वर्षापासून हप्ते मीच भरते, महिन्याला 24 हजार 300. अजून 24 लाखांच्या आसपास बाकी आहे, मुदत 14 वर्षं. बँकेत गेले तर काउंटरवरूनच सांगितलं, ‘असं एकाचं नाव काढता येत नाही.’ भाऊ म्हणतो, 100 रुपयांच्या बाँडवर त्यांच्याकडून लिहून घे, नोटरी कर, विषय संपला. मिस्टरांना पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, पण त्यांना कर्ज मिळेना, म्हणून तेही घाई करतायत. माझ्या हातात 52 हजार येतात, त्यातून सोसायटीच्या कर्जाचे 6 हजार जातात. आई म्हणते, घर विकून टाक आणि गावाकडं ये. मला कळत नाही, सुरुवात कुठून करू?

– एक वाचक भगिनी, बेळगाव

ताई,

आधी एक गोष्ट. त्या 100 रुपयांच्या बाँडवर विसंबू नका. भावानं काळजीपोटीच सांगितलंय, आणि आपल्याकडं ही समजूत घरोघरी आहे. पण हा कागद तुमच्या कामाचा नाही.

का नाही, ते सांगतो. मी निवृत्तीच्या आधी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होतो. एकदा शहापूरकडच्या एक बाई माझ्या टेबलासमोर बसल्या. पिशवीतून त्यांनी एक कागद काढला, लॅमिनेशन केलेला. कोपरे पिवळे पडलेले, नोटरीचा गोल शिक्का जांभळ्याचा फिकट गुलाबी झालेला. नवऱ्यानं लिहून दिलं होतं की ‘सदर घरावर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही’. त्या कागदाच्या भरवशावर बाईंनी 6 वर्षं एकटीनं हप्ते भरले. कर्ज फिटलं, आणि घराचे मूळ कागद घ्यायला त्या आल्या होत्या. पण मधल्या काळात त्यांचे वेगळे झालेले यजमान वारले होते. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, त्या घरात एक मुलगाही होता. खरेदीपत्रावर दोघांची नावं तशीच होती, त्यामुळं अर्धं घर कायद्यानं त्यांच्या वारसांकडं गेलेलं. मी तो लॅमिनेशनचा कागद दोनदा वाचला. बाई माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या. मला त्यांना काही देता आलं नाही. पुढं त्यांनी त्या वारसांना पैसे मोजून हक्कसोड करून घेतली, स्वतःच फेडलेल्या घराची.

1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा किंवा द्यायचा तर तो दस्त सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावाच लागतो. न नोंदवलेल्या दस्तानं त्या घरातला हक्क इकडचा तिकडं होत नाही, हे कलम 49 सांगतं. नोटरी म्हणजे सही त्याच माणसानं केली, एवढ्याची साक्ष. त्यापुढं तिचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तुमच्यापुढं गाठी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या दोरीच्या आहेत. एक घराची मालकी, दुसरी कर्जाची जबाबदारी. मालकीची गाठ नोंदणी कचेरीत सुटते, कर्जाची बँकेत. एकच सोडवून दुसरी तशीच ठेवली, तर दोघांपैकी एकजण अडकतो. त्यांनी घरावरचा हक्क सोडला आणि कर्जावर नाव राहिलं, तर घर नाही आणि देणं आहे, अशी त्यांची गत. कर्जावरून त्यांचं नाव गेलं आणि खरेदीपत्रावर राहिलं, तर फेड तुमची आणि अर्धी मालकी त्यांची. म्हणून माझा सगळा सल्ला एवढाच आहे की या दोन्ही गाठी एकाच आठवड्यात सुटतील, अशी तयारी आधी करा. तोवर कुणीही कशावरही सही करू नये.

कर्जाचं आधी बघू. दोघांनी मिळून घेतलेल्या कर्जात अर्धं तुझं, अर्धं माझं असं काही नसतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 म्हणतं की एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण वसुली करता येते. बँकेच्या लेखी 24 लाख तुम्ही देणं लागता आणि तेच 24 लाख तेही देणं लागतात. उद्या कोर्टानं हुकूमनाम्यात लिहिलं की कर्ज पत्नीनं फेडावं, तरी तो तुम्हा दोघांतला निवाडा झाला. बँक त्यात पक्षकार नव्हती, तिचा हक्क जागेवरच राहतो. तुमचा एक हप्ता चुकला तर त्यांच्या सिबिलवर डाग पडतो, आणि तुम्ही सगळे हप्ते वेळेवर भरले तरी त्यांच्या पगारातून 24 हजार 300 आधीच गेले, असं धरूनच पुण्याची बँक त्यांची कर्जाची ऐपत काढते. त्यांना कर्ज का मिळेना, ते यातून कळलं असेल.

आणि ताई, त्यांची ही घाई तुमच्या कामाची आहे. सह्या करायला, बेळगावला यायला, कागद द्यायला ते आज राजी आहेत, कारण त्यांचंही काम अडलंय. वर्षभरानं त्यांनी दुसरी काही वाट काढली, की फोन उचलायलाही वेळ लागेल. हे मी त्यांच्यावर संशय घेऊन म्हणत नाही. माणसाचा संसार दुसरीकडं सुरू झाला की जुन्या कामाला मागचा नंबर लागतो, हे मी फार वेळा बघितलंय.

‘नाव काढता येत नाही’ हे काउंटरवरचं उत्तर अर्धंच आहे. नुसता अर्ज देऊन नाव निघत नाही, हे बरोबर. दोन पगार बघून बँकेनं कर्ज दिलं होतं, त्यातला एक पगार ती सहज सोडणार नाही. पण तुमच्या एकटीच्या पगारावर ते कर्ज नव्यानं तपासून मंजूर करा, असं लेखी मागता येतं. शाखाधिकाऱ्यांना भेटा, अर्ज द्या, पोच घ्या. काही बँका हे करतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. नाही म्हणाल्या तर दुसऱ्या बँकेकडं टेकओव्हर मागायचा. म्हणजे नवी बँक एकट्या तुमच्या नावावर नवं कर्ज मंजूर करते, त्या पैशातून जुनं दोघांचं कर्ज पूर्ण फेडते, आणि घराचे मूळ कागद स्वतःकडं गहाण ठेवून घेते. तुमचं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, आणि घरकर्जं बहुतेक तशीच असतात, तर जुनी बँक मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लावू शकत नाही. वैयक्तिक कर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेनं 2012 पासून ही मनाई केली आहे, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सहकर्जदार असला तरी हाच नियम, असं स्पष्ट केलंय. कुणी ‘फोरक्लोजर चार्ज’ सांगितला तर तो कोणत्या नियमानं, हे लेखी मागा.

पगाराचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करायला हवा. बँका साधारणपणे हातातल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून मान्य करतात, कुणी थोडं वर जातं. 52 हजारांचे निम्मे 26 हजार. साडेआठ टक्के व्याज धरलं, तर 24 लाखांचा 14 वर्षांचा हप्ता साधारण 24 हजार 480 येतो. तो एकटा बसतो. पण सोसायटीचे 6 हजार मिळवले की साडेतीस हजार होतात, आणि फाईल तिथंच अडते. म्हणून सगळ्यात आधी ते सोसायटीचं कर्ज मिटवा. सोन्याचा एखादा दागिना मोडावा लागला, आईकडून वर्षभरासाठी उसने घ्यावे लागले, तरी घ्या. सोसायटीकडून ‘बाकी नाही’ असा दाखला घ्या आणि पगारपत्रकातली ती कपात थांबलेली एक-दोन महिने दिसू द्या. मगच अर्ज करा. एकदा नामंजूर झालेली फाईल दुसऱ्या बँकेत नेताना उत्तरं द्यावी लागतात. त्यापेक्षा दोन महिने थांबणं बरं.

मुदतीचंही बोलतो. अनुदानित शाळेत तुमची नोकरी 60 पर्यंत, म्हणजे 20 वर्षांची मुदत मागता येते. तेव्हा हप्ता 20 हजार 830 च्या आसपास येतो. ऐकायला गोड वाटतं, पण 14 वर्षांत एकूण 41 लाखांच्या जवळपास भराल, तेच 20 वर्षांत 50 लाख. 9 लाखांचा फरक. तरीही मी तुम्हाला 20 वर्षंच मागा असं सांगेन, आणि दर महिन्याला आत्ताइतकेच, साडेचोवीस हजार भरत राहा. बदलत्या दराच्या कर्जात जास्तीचे पैसे भरायला दंड नाही, त्यामुळं कर्ज फिटेल 14 वर्षांतच. पण एखाद्या महिन्यात मुलीची फी, दवाखाना, काही आलं, तर कागदावरचा हप्ता लहान आहे. एकटीच्या पगारावर घर चालतं तेव्हा ही मोकळीक फार मोलाची असते. जास्तीची रक्कम मुद्दलात जमा करा, असं बँकेला लेखी कळवा, म्हणजे ती पुढच्या हप्त्यापोटी धरली जाणार नाही. अनेक बँका बाईच्या नावावरच्या कर्जाला व्याजात 0.05 टक्के सवलत देतात. 24 लाखांवर पहिल्या वर्षी 1,200 रुपये. फार नाही, पण विचारल्याशिवाय मिळत नाही.

आता मालकी, आणि इथं वेळेला सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

तुमच्या मिस्टरांनी आपला अर्धा हिस्सा तुम्हाला नोंदणीकृत हक्कसोड पत्रानं द्यायचा. कर्नाटकात नवरा-बायकोसारख्या कुटुंबातल्या माणसांमध्ये हक्कसोड किंवा बक्षीसपत्र झालं, तर मुद्रांक शुल्क ठरावीक असतं, खर्च मोजक्या हजारांत आटोपतो. पण ही सवलत नातं असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूम झाला की कायद्याच्या नजरेत तुम्ही एकमेकांचे कुटुंबीय उरत नाही. मग तोच दस्त परक्याकडून विकत घेतल्यासारखा होतो. घराची सरकारी किंमत 40 लाख धरली, तर त्यांच्या निम्म्या हिश्शावर 5 टक्के मुद्रांक म्हणजे 1 लाख. 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी फी 1 वरून 2 टक्के झाली, ते 40 हजार. वर अधिभार आणि उपकर वेगळे. एका सहीची तारीख चुकली म्हणून दीड लाख घालवायचे का? कोर्टाच्या हुकूमनाम्यातच घर तुम्हाला दिलं असं लिहून घ्यायची एक वाट आहे. घर हाच दाव्याचा विषय असेल तर तशा हुकूमनाम्याला वेगळी नोंदणी लागत नाही. पण मग बँकेचा वकील, खात्याची म्हणजे महापालिकेतल्या मालमत्तेची नोंद, प्रत्येक ठिकाणी तो हुकूमनामा समजावत बसावं लागतं. तुमच्यात समजूत आहे, तर सरळ दस्ताची वाट सोपी.

तारीख कोणती धरायची? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब प्रमाणे संमतीच्या घटस्फोटाला दोन पायऱ्या आहेत. आधी दोघांचा एकत्र अर्ज, त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. मग साधारण 6 महिन्यांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढं उभं राहायचं, तेव्हा हुकूम होतो. हा मधला काळ कोर्ट काही प्रकरणांत माफ करतं. तुम्ही तो माफ करून मागू नका, त्याचा उपयोग करा. पहिल्या अर्जातच समझोता लिहा: घर पत्नीकडं राहील, अमुक तारखेपर्यंत कर्ज तिच्या एकटीच्या नावावर होईल, त्याच वेळी पती हक्कसोड नोंदवून देईल. आणि कुठलीच बँक तयार झाली नाही, तर घर विकून कर्ज फेडून उरलेली रक्कम अमुक प्रमाणात वाटून घेतली जाईल, हेही लिहा. हे शेवटचं वाक्य वकील बहुधा आपणहून घालत नाहीत. तुम्ही सांगून घालून घ्या. मग पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये हक्कसोड आणि टेकओव्हर उरकून घ्या. यात दोघांनाही आधार आहे. आपण हिस्सा सोडल्यावर ही संमती मागं घेईल का, अशी धाकधूक त्यांना वाटेल, तर कोर्टात लिहून दिलेला समझोता त्यांच्या हातात असतो. हुकूम मिळाल्यावर ते सहीला येतील का, ही तुमची भीती, तर हुकमाच्या आधीच सही झालेली असते.

घर घेताना त्यांनी घातलेल्या पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. ते आज काही मागत नसतील, तर ‘कोणतीही रक्कम येणे नाही’ असं समझोत्यात स्पष्ट लिहा. काही द्यायचं ठरलं तर बँकेतूनच द्या आणि दस्तात आकडा लिहा. दस्तात दाखवू नका, हातात द्या, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

हक्कसोड आणि टेकओव्हर यांत पहिलं काय, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. नवी बँक म्हणते, आधी घर तुमच्या एकटीच्या नावावर दाखवा. जुनी म्हणते, घर गहाण आहे, आमच्या परवानगीशिवाय हक्क सोडू नका. यातून मार्ग असा: आधी नव्या बँकेकडून ‘हक्कसोड नोंदवल्यावर रक्कम देऊ’ अशा अटीचं मंजुरीपत्र घ्या. ते दाखवून जुन्या बँकेकडून हक्कसोडीला ना हरकत पत्र, बाकी रकमेचं विवरण आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी मागा. या तीन कागदांसाठी अर्ज दोघांच्या सहीनं द्यावा. मग एका दिवशी हक्कसोड नोंदवा, आणि लगेच एक-दोन दिवसांत नव्या बँकेचा ड्राफ्ट जुन्या बँकेत जाऊ द्या. त्याच भेटीत मिस्टरांकडून आणखी एका कागदावर सही घ्यायची आहे, आणि ती विसरली की माणसं महिनाभर चकरा मारतात. ती म्हणजे घराचे मूळ कागद थेट नव्या बँकेच्या हाती द्यायला त्यांची संमती. कर्ज दोघांचं होतं, म्हणून कागद परत द्यायला बँक दोघांची सही मागते. पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, उशीर बँकेमुळं झाला तर दर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

शक्यतो मिस्टरांनी स्वतःच यावं. पुण्याहून रात्रीच्या बसनं निघालं तर सकाळी बेळगावात, संध्याकाळी परत. अगदीच जमलं नाही तर मुखत्यारपत्र चालतं, पण ते साधं नोटरीचं असून भागत नाही. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणी दस्त नोंदणीला सादर करायचा, तर ते मुखत्यारपत्र ते राहतात तिथल्या सब-रजिस्ट्रारपुढं करून प्रमाणित झालेलं असावं लागतं, नोंदणी कायद्याचं कलम 33. आणि मुखत्यार तुम्ही स्वतः होऊ नका. देणारीही तुम्ही आणि घेणारीही तुम्ही, असा दस्त पुढं कुणीही बोट ठेवण्याजोगा होतो.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. दस्त बहुधा कन्नडमध्ये तयार होईल. बाँड रायटरकडं, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याकडं, साचा तयार असतो, नावं आणि आकडे घातले की पानं बाहेर येतात. वर ‘हक्कु बिडुगडे पत्र’ असं लिहिलेलं असेल, त्याखाली चार पानं. तुम्हाला कन्नड वाचता येत असेल तर उत्तमच. नसेल तर सहीच्या आदल्या दिवशी मसुदा घरी आणा आणि शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्या. इंग्रजीत मसुदा मागितला तरी बाँड रायटर करून देतात. संकोच करू नका. वाचताना तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं, किती हिस्सा सोडला: ‘अर्धा’ की ‘संपूर्ण हक्क’. दुसरं, ‘चक्कुबंदी’, म्हणजे चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे 2019 च्या खरेदीपत्राशी ताडून बघा. तिसरं, आर. एस. नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ. माझ्यासमोर आलेल्या एका दस्तात 1 हा आकडा 7 झाला होता आणि दुसऱ्याच्या प्लॉटवरचा हक्क सोडला गेला होता. चूक दुरुस्ती पत्रानं निस्तरते, पण त्यासाठी पुन्हा दोघांना यावं लागतं.

नावाचं तर विशेष जपा. आपल्याकडं लग्नानंतर बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधे येतं. खरेदीपत्रावर तुमचं लग्नानंतरचं नाव असेल, शाळेच्या सेवापुस्तकात कदाचित माहेरचं, आधारवर तिसरंच काही, आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर वाढलेलं. वेगळं होताना अनेकजणी पहिल्यांदा नाव बदलून घेतात. भावना समजते, पण कर्ज आणि हक्कसोड पूर्ण होईपर्यंत आधार, पॅन, बँकेतलं खातं कशालाही हात लावू नका. सगळीकडं तेच नाव चालू ठेवा. फरक असेलच तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. नाव बदलायचं असेल तर नंतर निवांत बदला.

नव्या बँकेचा वकील घराच्या मागचे कागद मागेल. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं जुन्या जागांचे दस्त मराठीत, काही तर मोडी लिपीत निघतात, आणि आजच्या वकिलाला ते वाचता येत नाहीत. तुमच्या जागेचा माग तिथवर जात असेल तर भाषांतर करून ठेवा. शिवाय कावेरी या नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून ऋणभार प्रमाणपत्र, ज्याला आपण ईसी म्हणतो, तो आजपर्यंतचा काढा. त्यात 2019 ची खरेदी आणि बँकेचा बोजा दिसला पाहिजे, दुसरं काही दिसता कामा नये. ई-खाता, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा ऑनलाइन उतारा, निघालाय का, तेही बघा. 2024 पासून कर्नाटकात त्याशिवाय दस्त नोंदवून घेत नाहीत. तुमचं घर महापालिकेत आहे. ग्रामपंचायतीत घर असलेल्या वाचकांना ई-स्वत्तूचा उतारा लागेल. घरफाळा थकला असेल तर आधी भरा. हक्कसोड झाल्यावर खात्यावर एकटीचं नाव लावायला विसरू नका. दस्त नोंदला की खातं आपोआप बदललं, असं समजून लोक घरी जातात.

खर्चाचा अंदाज धरताना प्रोसेसिंग फी, वकिलाचा अभिप्राय, घराचं मूल्यांकन, नव्या गहाणखताचा मुद्रांक, हे सगळं नव्या बँकेकडून एका कागदावर लिहून घ्या. आणि जुन्या कर्जाबरोबर त्यांच्या नावाचा विमा काढलेला असेल, तर त्याचं काय होतं ते विचारा. नव्या कर्जाला तुमच्या नावाचा मुदतीचा विमा हवाच, कारण आता मुलीमागं एकच पगार आहे. तो बँकेकडूनच घ्यावा अशी सक्ती नसते, बाहेर चौकशी करा.

आईंच्या म्हणण्याचं उत्तर मी देणं अवघड आहे, पण माझं मत लपवत नाही. दीड वर्ष तुम्ही एकटीनं हप्ते भरलेत, एकही चुकल्याचं पत्रात नाही. म्हणजे हे घर तुम्हाला पेलतं, हे आधीच सिद्ध झालंय. सोसायटीचं कर्ज मिटत असेल आणि मुलीची शाळा बेळगावात असेल, तर विकू नका. मात्र व्याज 1 टक्क्यानं वाढलं तर 14 वर्षांच्या हिशेबात हप्ता साधारण 1,400 रुपयांनी चढतो, म्हणजे 26 हजारांच्या जवळ. तेवढे महिन्याला भरताना घर कसं चालेल, हे तीन महिने प्रत्यक्ष करून बघा. वरचे पैसे बाजूला ठेवत जा. जमलं तर ठेवा. तीनही महिने उसनवारी करावी लागली, तर आई म्हणतात ते ऐका. त्यातही कमीपणा काही नाही, उरलेल्या पैशातून गावाकडं चांगली सोय होते.

सगळं पार पडल्यावर दोन महिन्यांनी तीन गोष्टी बघा. ईसी पुन्हा काढा: हक्कसोड, जुन्या बोजाची सुटका आणि नवा बोजा, तिन्ही नोंदी हव्यात. तुमचा सिबिल अहवाल काढा: जुनं कर्ज ‘बंद’ दिसलं पाहिजे, नुसतं ‘शून्य बाकी’ नको. आणि मिस्टरांनाही त्यांचा अहवाल काढायला सांगा. त्यात जुनं कर्ज अजून चालू दिसत असेल, तर बँकेला पत्र तुम्ही दोघांनी मिळून लिहा. पत्राची एक प्रत हक्कसोड पत्राच्याच फाईलमध्ये ठेवा.